व्हाइट-गोल्ड तह : टायटस मीडने साम्राज्य वाचवलं की हॅमरफेल घालवलं?

गडकोट_वाचक (धागाकर्ता)

'स्कायरिम' या व्हिडिओ गेममधल्या स्कायरिम प्रांतातल्या यादवीवर चर्चा सुरू झाली की बंडखोरांचा नेता उल्फ्रिक बरोबर की चूक यावरच ती अडकते. त्या यादवीच्या सव्वीस वर्षं आधी झालेला तह मात्र कुणी कलमवार वाचत नाही. म्हणून हा धागा. सगळी सालं खेळाच्या जगातल्या चौथ्या युगातली.

३० फ्रॉस्टफॉल (खेळातला एक महिना) १७१ रोजी एल्फांच्या ऑल्डमेरी डोमिनियन या राज्याचा वकील झाकलेला गाडा घेऊन साम्राज्याच्या राजधानीत, इम्पीरियल सिटीत आला. मागण्या चार : जबर खंडणी, ब्लेड्स ही संघटना बरखास्त करणं, टॅलोस या देवाच्या पूजेवर बंदी आणि हॅमरफेल प्रांताचा मोठा तुकडा. बादशहा टायटस मीड दुसरा याने नकार दिला. तेव्हा वकिलाने गाडा उलटा केला आणि समरसेट नि व्हॅलेनवुडमधल्या ब्लेड्सच्या हेरांची शंभरावर मुंडकी दरबारात घरंगळली.

चार वर्षं लढाई झाली, राजधानी लुटली गेली, परत घेतली, आणि १७५च्या अखेरीस ज्या तहावर सही झाली त्यात टॅलोसबंदी आणि दक्षिण हॅमरफेल ही दोन्ही कलमं होतीच.

माझं म्हणणं असं. तह करणं चूक नव्हतं, वेळही चुकली नव्हती. चुकलं ते हॅमरफेलचं कलम. थॅलमोरला (डोमिनियनच्या सत्ताधारी गटाला) रणात जे टिकवता येत नव्हतं ते टायटसने कागदावर देऊन टाकलं. १७४च्या अखेरीस त्यांची सेनापती लेडी आरानेल्या हिची फौज हॅमरफेलमधल्या अलिकर वाळवंटापलीकडे मागे रेटली गेली होती. मग दक्षिण किनारा सोडण्याची घाई का?

---

तिठा

सही कुठल्या परिस्थितीत झाली ते आधी पाहा. रेड रिंगच्या लढाईनंतर (१७५ मध्ये राजधानी परत घेतली ती) साम्राज्याच्या एकाही लीजनमध्ये, म्हणजे सैन्यदलात, निम्म्याहून जास्त सैनिक लढण्याजोगे उरले नव्हते. दोन लीजन जवळजवळ नामशेष. आदल्या वर्षी राजधानीच्या तटावर कापलं गेलेलं आठवं लीजन यात धरलेलंच नाही. आणि उरलेली झाडून सगळी फौज सायरोडिलमध्ये गोळा झालेली. पाठीमागे राखीव म्हणून काही नाही.

खेळातल्या महायुद्धावरच्या पुस्तकातलं "मुख्य ऑल्डमेरी सैन्य नष्ट झालं" हे वाक्य वाचून आपण फसतो. त्याच लढाईत साम्राज्याच्या जनरल जोनाच्या नॉर्ड (स्कायरिमच्या) सैनिकांवर ब्रॅव्हिल आणि स्किनग्राडकडून उलट हल्ले झाले होते. म्हणजे डोमिनियनचा सेनापती नारिफिन याची फौज राजधानीत कोंडली गेली तेव्हाही दक्षिणेकडच्या शहरांतून शत्रूची माणसं येत होती. हॅमरफेलचा किनारा मोकळा करायचा तर आधी ही शहरं एकेक करून घ्यायला हवीत. अर्धी उरलेली लीजनं घेऊन वेढे घालता येत नाहीत.

---

निळा_रावा

अनुमोदन. वेढ्याला माणूस कमी आणि रसद जास्त लागते, आणि सायरोडिलची शेती तीन वर्षं फौजांच्या टाचेखाली होती.

---

चांदणकाठी

रसदेचा मुद्दा निघालाच आहे तर १७४ची माघार नीट मांडायला हवी. तिच्यावाचून तहाचा हिशोब लागत नाही.

१७३ मध्ये इम्पीरियल सिटीला तीन बाजूंनी वेढा होता. ब्रूमाकडे जाणारा उत्तरेचा रस्ता तेवढा उघडा. थॅलमोरने हाताशी असलेलं सगळं बळ सायरोडिलवर लावलं, वसंतात दक्षिणेत कुमक जमवली आणि १२ सेकंड सीड १७४ ला मोठा हल्ला चढवला. टायटससमोर दोन वाटा होत्या. सगळं सैन्य तटावर ठेवून शहरासोबत संपायचं, किंवा शहर सोडून सैन्य वाचवायचं. त्याने आठव्या लीजनला पिछाडी सांभाळायला तटावर ठेवलं, मुख्य फौज घेऊन उत्तरेचा वेढा फोडला आणि स्कायरिमहून कुमक घेऊन येणाऱ्या जनरल जोनाला जाऊन मिळाला. मागे राजवाडा जळला, व्हाइट-गोल्ड टॉवर लुटला गेला, नागरिकांचे हाल झाले.

पुढे १७४-७५च्या हिवाळ्यात थॅलमोरला वाटलं की युद्ध संपल्यात जमा आहे. ते वाटाघाटीचे निरोप पाठवत राहिले आणि टायटसने शरणागतीची आशा तेवती ठेवून आत फौज जमवली. साम्राज्याचा जनरल डेसियानस हॅमरफेलहून कोरोलजवळच्या टेकड्यांत येऊन बसला. जोना चेडिनहॉलजवळ. बादशहा स्वतः उत्तरेला. ३० रेन्स हँड १७५ ला डेसियानस पश्चिमेकडून उतरला तेव्हा नारिफिनला तो सायरोडिलमध्ये आहे याचीच खबर नव्हती. पाचव्या दिवशी शहर चारी बाजूंनी बंद झालं. ऑल्डमेरी फौजेने दक्षिणेकडून निसटायचा प्रयत्न केला, तो जोनाच्या ढालींच्या भिंतीवर आपटला.

एवढं डोकं चालवणारा माणूस सहा महिन्यांनी घाबरून तहावर सही करतो हे मला पटत नाही. त्याने काहीतरी मोजूनच सही केली.

---

मुक्काम_सेंटिनेल

चांदणकाठी, सगळं बरोबर, पण डेसियानस आला कुठून हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत. धाग्याचं खरं उत्तर तिथेच आहे.

१७३ मध्ये हॅमरफेलमधल्या स्कावेन शहराबाहेर डेसियानस आणि आरानेल्या यांची रक्तबंबाळ, अनिर्णित लढाई झाली. तो मागे हटला, शहर तिच्याकडे गेलं, पण पुढे सरकायची ताकद तिच्यात उरली नाही. १७४ मध्ये तो स्कावेन परत घ्यायच्या तयारीत असताना बादशहाचा हुकूम आला : सायरोडिलला या. हॅमरफेल उघडं टाकून जाणं त्याच्या जिवावर आलं. म्हणून निघण्यापूर्वी त्याने मोठ्या संख्येने सैनिकांना "आजारी, अपंग" ठरवून सेवामुक्त केलं आणि मागे ठेवलं. कागदावर जायबंदी, प्रत्यक्षात धडधाकट अनुभवी लढवय्ये. त्यांच्याच भोवती उभ्या राहिलेल्या फौजेने वर्षअखेरीस आरानेल्याला अलिकरपार हाकललं, आणि परतीच्या वाटेवर अलिकरच्या योद्ध्यांनी तिचे लचके तोडले.

त्याआधी क्राउन गटाच्या हेगाथे शहराचा वेढा उठवायला सेंटिनेल शहराचे फोरबेअर धावून गेले होते. क्राउन आणि फोरबेअर या हॅमरफेलमधल्या दोन गटांचं वैर किती जुनं आहे ते इथल्या वाचकांना सांगायला नको. ते वैर विसरून हॅमरफेल एक झालं आणि लगेच बादशहाने त्याला वाऱ्यावर सोडलं. रेडगार्डांनी (हॅमरफेलच्या लोकांनी) तह नाकारला तेव्हा त्याने हॅमरफेल हा आपला प्रांतच नाही असं जाहीर केलं. पुढची पाच वर्षं ते एकटे लढले आणि १८० मध्ये स्ट्रोस एम'कायच्या दुसऱ्या तहाने डोमिनियनला बाहेर काढलं. एकट्या प्रांताला जे जमलं ते साम्राज्यासोबत जमलं नसतं असं कोण म्हणेल?

---

तिठा

मी म्हणेन. दक्षिण हॅमरफेल पाच वर्षांत बेचिराख झालं आणि शेवटी बरोबरी झाली, विजय नाही. बरोबरीसुद्धा झाली कारण डोमिनियनची मुख्य फौज रेड रिंगवर गाडली गेली होती. ती गाडताना नॉर्ड, ब्रेटन आणि सायरोडिलचे लोक मेले. "एकट्या प्रांताने केलं" हे अर्धंच खरं आहे.

---

साधा_प्रश्न

हे सगळे तपशील एकाच पुस्तकातून येताहेत ना? खेळात मिळणारं महायुद्धावरचं ते छोटं पुस्तक. त्याचा लेखक लीगेट जस्टियानस क्विंटियस. साम्राज्याच्या अधिकाऱ्याने साम्राज्याच्या तहाबद्दल लिहिलेलं कितपत धरून चालायचं?

---

चांदणकाठी

प्रश्न अगदी हवा तिथे आला. प्रस्तावनेत क्विंटियस स्वतःच सांगतो की हॅमरफेल आणि सायरोडिलमध्ये दहावं लीजन त्याच्या हाताखाली होतं आणि १७५ मध्ये इम्पीरियल सिटीवरच्या हल्ल्यात तो जखमी झाला. मजकूर जमवलाय तो शत्रूकडून हाती लागलेले कागद, कैद्यांच्या जबान्या आणि वाचलेले सैनिक-अधिकारी यांच्याकडून. म्हणून त्याच्या वाक्यांचे मी तीन ढीग करते.

हालचाली आणि तारखा : जवळजवळ पूर्ण विश्वास. हॅमरफेलमधल्या "जायबंदी" सैनिकांची गोष्ट : त्याहून जास्त, कारण तो तिथे होता आणि ही गोष्ट त्याच्या वरिष्ठाने हुकमाला दिलेली बगल उघडी करते. खुशामत करणाऱ्याने ती गाळली असती. तिसरा ढीग म्हणजे निष्कर्ष. बादशहाचा निर्णय योग्य ठरला, १७५ मध्ये लोकांना कसंही करून शांतता हवी होती, वगैरे. इथे तो वकिली करतोय. तरी शेवटी रेडगार्डांचा दावा तो जसाच्या तसा नोंदवतो आणि त्याचा खरेखोटेपणा कधीच कळणार नाही असं लिहितो. प्रामाणिक माणूस आहे.

गोल्डब्रँड तलवार बादशहाच्या हातात होती हेसुद्धा तो अफवा म्हणूनच देतो. नारिफिनला तेहतीस दिवस व्हाइट-गोल्ड टॉवरवर जिवंत लटकवलं आणि चौतिसाव्या दिवशी पंखवाल्या डेड्राने उचलून नेलं, यातलं डेड्राचं शेपूट "एका साधनानुसार" म्हणून बाजूला ठेवलंय. दोन्ही गोष्टी पक्का इतिहास म्हणून सांगू नयेत.

---

आडवाट_रीच

तहाच्या दुसऱ्या कलमाकडे कुणी वळलंच नाही. टॅलोसबंदी.

सही १७५च्या अखेरीस. १७६ मध्ये उल्फ्रिकच्या माणसांनी फोरस्वॉर्न बंडखोरांकडून स्कायरिममधलं मार्कार्थ शहर परत घेतलं, आणि त्याच्या बदल्यात तिथल्या यार्लने (सरदाराने) टॅलोसची पूजा उघडपणे करू द्यायचं वचन दिलं. म्हणजे शाई वाळायच्या आत एका प्रांतात बंदीला हरताळ फासला गेला. थॅलमोरला कळलं, उल्फ्रिक तुरुंगात गेला आणि बंदी मोडणाऱ्यांना धरणारे त्यांचे जस्टिशियर अधिकारी स्कायरिममध्ये फिरायला लागले. रिव्हरवुडच्या अल्व्होर लोहाराशी बोला. त्याच्या सांगण्याचा मथितार्थ असा की आधी ही बंदी कुणी फारशी मनावर घेत नव्हतं, घराघरात टॅलोसचं छोटं ठाणं होतंच. उल्फ्रिकने आवाज उठवला आणि मग कानाडोळा करणं अशक्य झालं.

यावरून मला दिसतं ते असं. टॅलोसचं कलम न पाळता पाळल्यासारखं दाखवता येत होतं. देव मनात राहतो. जमिनीचं तसं नाही. बंदर दिलं की तिथे दुसऱ्याचं निशाण लागतं. दोन कलमं शेजारी लिहिलेली असली तरी त्यांचं वजन सारखं नाही.

---

गडकोट_वाचक

आडवाट_रीच, हे मला सुचलं नव्हतं. मनापासून आभार. माझ्या मुद्द्याला यामुळे उलट बळ मिळतं. जे कलम ढिलं ठेवता येतं ते मान्य करा, जे ठेवता येत नाही त्यासाठी भांडा.

---

निळा_रावा

यार्लचं वचन हा एक भाग झाला. "बेअर ऑफ मार्कार्थ" हे पुस्तकही वाचा. त्याचा लेखक एरियानस एरियस उल्फ्रिकच्या माणसांनी शहर घेतल्यावर केलेल्या कत्तलींबद्दल लिहितो. तो साम्राज्याकडून लिहितो, चांदणकाठींचे तीन ढीग तिथेही लावा. पण फोरस्वॉर्नची दोन वर्षांची राजवट बऱ्यापैकी शांततेची होती हे तो लिहितो, आणि ते त्याच्या बाजूच्या सोयीचं नाही.

---

साधा_प्रश्न

मग उल्फ्रिक थॅलमोरचा माणूस होता का? थॅलमोरच्या दूतावासात त्याच्यावरची फाइल मिळते असं वाचलंय. ती नक्की कुठे आहे?

---

तिठा

मुख्य कथानकातली दूतावासाच्या मेजवानीची मोहीम. त्यातच मिळते, आणि तेव्हाच घ्या, नंतर आत शिरणं अवघड जातं.

सॉलिट्यूडच्या विंकिंग स्कीव्हर खानावळीत मालबॉर्न हा आतला मदतनीस भेटतो. आत लागणारं सामान त्याच्याकडे द्यायचं. लोक इथेच चुकतात : फक्त तलवार देतात, कुलूपकाड्या आणि औषधाच्या बाटल्या विसरतात. उरलेलं सगळं गाडीत बसताना ब्लेड्सची डेल्फीन काढून घेते. मेजवानीत कुणाला तरी गोंधळ घालायला लावायचा (राझेलान या पाहुण्याला पेला नेऊन दिलात तर तो खुशीने घालतो), मालबॉर्नमागून स्वयंपाकघरात जायचं, सामान घ्यायचं, आणि अंगण ओलांडून थॅलमोरची मुख्य वकील एलेनवेन हिच्या इमारतीत. तिथल्या पेटीत उल्फ्रिक आणि डेल्फीन यांच्या फाइली आहेत. एस्बर्न या दुसऱ्या ब्लेडची खाली तळघरात, चौकशीच्या खोलीजवळ. मोहिमेची खूण तळघराकडे ओढते म्हणून घाईत वरची पेटी राहून जाते.

मजकूर सावकाश वाचा. उल्फ्रिक व्हाइट-गोल्ड टॉवरच्या मोहिमेत पकडला गेला, चौकशी एलेनवेननेच केली. त्याने दिलेल्या माहितीमुळे राजधानी पडली असं त्याच्या मनावर ठसवलं. खरं तर तो फुटण्याआधीच शहर पडलं होतं. मग त्याला पळू दिलं. मार्कार्थ प्रकरणानंतर तो थेट संपर्काला दाद देत नाही, असंही त्यात आहे. म्हणजे तो त्यांचा पगारी हस्तक नाही. खोट्या अपराधाचं ओझं वाहणारा माणूस आहे, आणि ते ओझं त्यांना सोयीचं पडलं. त्याचा विजयही थॅलमोरला नको आहे. यादवी अशीच रेंगाळत राहावी एवढंच त्यांना हवं.

---

मुक्काम_सेंटिनेल

त्याच फाइलमधला एक शब्दप्रयोग कुणी लक्षात घेतला का? आपण ज्याला महायुद्ध म्हणतो त्याला थॅलमोर "साम्राज्याविरुद्धचं पहिलं युद्ध" म्हणतात. पहिलं! दुसरं त्यांनी आधीच मोजून ठेवलंय. ज्यांच्याशी तह केला ते त्याला मधली सुट्टी समजत होते.

---

आडवाट_रीच

आणि सुट्टीत ते काय करतात याचा इतिहास स्पष्ट आहे. २९ मध्ये व्हॅलेनवुडमध्ये आतून उठाव घडवून सत्ता घेतली. ९८ ते १०० या दोन वर्षांत दोन्ही चंद्र दिसेनासे झाले. परत आले तेव्हा ते आपणच आणले असं थॅलमोरने खजीतांना (एल्सवेअरच्या लोकांना) सांगितलं, आणि ११५ मध्ये एल्सवेअरचे अॅनेक्विना आणि पेलेटीन असे दोन मांडलिक तुकडे झाले. १७१ मध्ये नारिफिनची फौज उत्तर एल्सवेअरमधल्या लपवलेल्या छावण्यांतून निघाली आणि व्हॅलेनवुड सीमेवरच्या साम्राज्याच्या फळीला बगल देऊन लेयाविनवर पडली. त्या छावण्या तिथे उभ्या राहू शकल्या, कारण छप्पन्न वर्षांपूर्वी तो देश फोडला होता.

तेच हॅमरफेलच्या कलमाचं. किनाऱ्यापेक्षा मोठा फायदा होता तो साम्राज्य आणि रेडगार्ड यांच्यात कायमची कटुता पेरणं. क्विंटियसही हे थॅलमोरचं साधलेलं उद्दिष्ट म्हणून नोंदवतो.

---

चांदणकाठी

इथे मी उलट बाजू मांडते, कारण ती कुणी मांडली नाही. हॅमरफेलला प्रांत म्हणून नाकारल्यामुळे रेडगार्डांवर तहाचं बंधन उरलं नाही. ते साम्राज्यात राहून लढले असते तर प्रत्येक चकमक म्हणजे तहभंग, आणि डोमिनियनला सायरोडिलवर परत यायला निमित्त. बाहेर पडल्यामुळे ते मोकळेपणाने लढले. डेसियानसने काही हजार "जायबंदी" सोडून जे केलं तेच बादशहाने आख्ख्या प्रांताच्या बाबतीत केलं, असं वाचता येतं.

---

मुक्काम_सेंटिनेल

"काही हजार" कुठून आणलंत? पुस्तकात आकडा नाही, फक्त मोठी संख्या.

बाकी तर्क सुंदर आहे, पण डेसियानसने माणसं मागे ठेवली. बादशहाने काय ठेवलं? माणूस नाही, नाणं नाही, धान्य नाही, निदान नोंदलेलं तरी नाही. तुमचं वाचन खरं असतं तर एका ओळीचा तरी पुरावा हवा.

---

चांदणकाठी

"हजार" मागे घेते, चूक माझी. पुरावा नाही हेही मान्य. परिणाम तसा झाला, हेतू तसा होता असं म्हणता येत नाही.

---

निळा_रावा

अवांतर, पण विषयाला धरून : व्हाइटरनच्या बॅनर्ड मेअर खानावळीतली रेडगार्ड बाई सादिया. तिच्या मागावर असलेला अलिकर योद्धा केमाटू म्हणतो तिने हॅमरफेलमधलं टानेथ शहर डोमिनियनला विकलं. ती म्हणते आपण डोमिनियनविरुद्ध बोललो म्हणून मारेकरी मागे लागले. ५०० नाणी दोघांकडूनही मिळतात, म्हणजे खेळ तुम्हाला पैशाने ढकलत नाही. कुणाचं खरं?

---

तिठा

तारखा लावून पाहा. १७२ मध्ये दक्षिणेतल्या शहरांपैकी एकटं हेगाथे तग धरून होतं, म्हणजे टानेथ तोपर्यंत गेलेलं. खेळ २०१ मधला. एकोणतीस वर्षांपूर्वी शहर विकण्याच्या पदावर असलेली बाई आज पन्नाशीच्या आसपास हवी, आणि सादिया तशी दिसत नाही. दुसरीकडे केमाटूच्या म्हणण्यात एक पळवाट आहे : इतर सरदार घराण्यांना फितुरी कळली आणि मग ती पळाली. ते कधी कळलं हे तो सांगत नाही.

---

मुक्काम_सेंटिनेल

माझ्यासाठी निर्णायक आहे ती सादियाचीच बाजू. १८० नंतरच्या हॅमरफेलमध्ये डोमिनियनविरुद्ध बोलल्याबद्दल अलिकरचे योद्धे कुणाच्या मागे का लागतील? ज्यांनी आरानेल्याचे लचके तोडले तेच हे लोक. त्यांना थॅलमोरने भाड्याने घेतलं हे मानायला फार जड जातं. वयाची अडचण खरी आहे, पण ती केमाटूच्या गोष्टीतली एक फट आहे. सादियाची गोष्ट पायापासूनच बसत नाही.

---

साधा_प्रश्न

हाय ह्रोथगार मठातली यादवीतल्या दोन्ही बाजूंची वाटाघाट या तहाशी जोडता येईल का? तिथेही एलेनवेन येऊन बसते.

---

आडवाट_रीच

येईल. यादवी कुणीही जिंकण्याआधी मुख्य कथानक तिथवर न्या. यादवी आधी संपवलीत तर ती बैठक होतच नाही, यार्ल सरळ ड्रॅगनसाठी सापळा लावू देतो. आधी मठातल्या आर्नगेअरला बोलावणं करायला राजी करायचं, मग साम्राज्याचा जनरल टुलियस आणि उल्फ्रिक दोघांना जाऊन भेटायचं. बसल्या बसल्या पहिला वाद एलेनवेनवर : उल्फ्रिकला ती खोलीत नको आणि निर्णय तुमच्यावर येतो. फाइल वाचलेली असेल तर त्या क्षणाचा अर्थ पूर्ण बदलतो. आपली चौकशी करणारी बाई समोर बसलेली आहे. मग उल्फ्रिक मार्कार्थ मागतो आणि टुलियस त्याची भरपाई. मुलूख कसा हातचा जातो ते तिथे टेबलाशी बसून कळतं.

---

गडकोट_वाचक

धाग्याच्या सुरुवातीच्या माझ्या विधानात दुरुस्ती करतो. "रणात टिकवता येत नव्हतं" हे मी आरानेल्याच्या माघारीवरून म्हटलं, पण ती माघार वाळवंटापुरती होती. किनारा तेव्हाही त्यांच्याकडेच होता, आणि तिठा म्हणतात तसं तिथवर पोचायला साम्राज्याकडे फौज नव्हती. इतपत मी चुकलो.

तरी हॅमरफेलबद्दलचं मत कायम आहे, फक्त चुकीची जागा बदलली. किनाऱ्याचा ताबा तात्पुरता मान्य करणं आणि तो कायमचा लिहून देणं यात फरक आहे. जिथे ज्याची फौज तिथे त्याचा ताबा, ठराविक वर्षांपुरती युद्धबंदी, एवढंच कलम असतं तर रेडगार्डांना साम्राज्य सोडायचं कारण उरलं नसतं. थॅलमोरने ते मान्य केलं असतं का? त्यांची मुख्य फौज नुकतीच संपली होती. तेव्हाच मागून पाहायला हवं होतं.

---

तिठा

युद्धबंदीच्या कलमाला माझा विरोध नाही. पण मग टॅलोसबंदी त्यांनी अधिक कडक मागितली असती, कदाचित जस्टिशियर पहिल्या दिवसापासून. ती किंमत स्कायरिमने १७५ मध्येच मोजली असती.

---

मुक्काम_सेंटिनेल

ती त्यांनी तशीही मोजली, वर्षभर उशिरा.